एका हाताची पुल-अप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका हाताच्या पुल-अपबद्दल जे प्रश्न सारखे येत राहतात ते सगळे इथे एका जागी घेतलेत. क्रमाने वाचलंत तर उत्तम, नाहीतर आपला प्रश्न शोधून थेट तिथे जा, पण कोपर दुखत असेल तर बाकी सगळं सोडून आधी प्रश्न १२ वाचा.

१. एका हाताची पुल-अप नक्की कशाला म्हणायचं? मनगट धरून मारलेली चालते का?

खाली पूर्ण लटकलेलं, कोपर सरळ, तिथून झटका न देता हनुवटी बारच्या वर, आणि मोकळा हात कशालाही टेकलेला नाही, एवढं झालं की ती एक रेप. मोकळ्या हाताने काम करणाऱ्या हाताचं मनगट धरलं की तो हातही वजन ओढायला लागतो, म्हणून ती मोजायची नाही (सरावाला चालते, प्रश्न ७ बघा). कोपर आधीच वाकवून सुरुवात केलेली पण नाही, कारण खरी अडचण बहुतेकांची अगदी खालच्या वीतभर अंतरातच असते आणि नेमकं तेच अंतर वगळलं तर मग उरलं काय.

२. आधी पुल-अप शिकू की चिन-अप? तळवा कुठे हवा?

चिन-अप, म्हणजे तळवा आपल्याकडे. बायसेप्स जास्त चांगल्या कोनातून ओढतो त्यामुळे बहुतेकांना ती आधी जमते. पण सरळ लोखंडी बारवर तळवा पूर्ण आपल्याकडे अडकवून ठेवला की मनगट आणि कोपर दोन्हींना फिरायला जागा राहत नाही, आणि एका हातावर सगळं वजन असताना हे कोपराला महागात पडतं. शक्य असेल तर पट्ट्याने टांगलेल्या जिम्नॅस्टिकच्या रिंगवर सराव करा. रिंग हाताबरोबर फिरते, खाली तळवा पुढे असतो, वर जाता जाता आपोआप आत वळतो, आणि सांध्याला जो मार्ग सोयीचा तोच तो घेतो. माझं मत विचाराल तर निम्म्याहून जास्त सराव रिंगवर व्हावा आणि बारवर आठवड्यातून एखादा दिवस, म्हणजे ग्रिपची सवय राहते.

३. सुरुवात करायला आधी काय काय यायला हवं?

पूर्ण खालून, न झटकता १०-१२ पुल-अप्स. स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव भागाएवढं वजन कमरेला लावून ५ चिन-अप्स. प्रत्येक हाताने एकट्याने २०-३० सेकंद लटकता येणं, आणि तेही खांदा कानाला न चिकटता. आणि चौथी गोष्ट जी कोणी विचारत नाही, किमान वर्षभर नियमित ओढण्याचे व्यायाम झालेले असावेत. स्नायू काही आठवड्यात ताकद दाखवायला लागतो पण स्नायू हाडाला जोडणारी शीर, म्हणजे टेंडन, तिला घट्ट व्हायला महिनोन् महिने लागतात, तिला रक्तपुरवठाच कमी असतो. जे लोक जात्याच ताकदवान असतात आणि चार महिन्यांत इथपर्यंत येतात त्यांचीच कोपरं सगळ्यात आधी कुरकुरतात.

४. दोन हातांनी किती वजन लावून मारता आलं की एका हाताची जमते?

ढोबळ आकडा असा की आपल्या वजनाच्या ६० ते ७० टक्के जादा वजन लावून एक स्वच्छ चिन-अप आली की तुम्ही टप्प्यात आलात. उदाहरण घेऊ, वजन ७० किलो आणि कमरेला ४५ किलो, एकूण ११५, म्हणजे प्रत्येक हाताच्या वाट्याला साडेसत्तावन्न. आता लोक म्हणतात की एका हाताने तर ७० उचलायचेत, मग हे साडेबारा किलो कुठून येणार? दोन कारणं आहेत. एक म्हणजे दोन्ही हात एकदम जोर लावतात तेव्हा प्रत्येक हात एकट्याने लावेल त्यापेक्षा थोडा कमीच जोर लावतो, हे मज्जासंस्थेचं काम आहे आणि बऱ्याच व्यायामांत दिसतं. दुसरं म्हणजे एका हाताने ओढताना धड त्या हाताच्या बाजूला वळतं, पोटाचे तिरके स्नायू आणि पाठ कामाला लागतात, आणि हात शरीराच्या जास्त जवळून, जास्त चांगल्या रेषेत ओढतो.

हा आकडा हमी नाही. काहीजणांना ५५ टक्क्यांवर जमते, काहींना ८० ला पण नाही, कारण त्यांनी एका हाताचा सराव कधी केलेलाच नसतो. म्हणून वेटेड चिन-अप पाया म्हणून धरा आणि त्याच्या बरोबरीने एका हाताचं काम चालू ठेवा.

५. मला सलग २०-२५ पुल-अप्स येतात पण एका हाताने जागचा हलत नाही, असं का?

कारण २५ रेप्स म्हणजे दम, आणि ही गोष्ट आहे एका वेळेच्या कमाल जोराची. २५ च्या ३० केल्या तरी एका हाताच्या जवळ फारसं जाता येत नाही. सलग १२ च्या पुढे गेलात की रेप्स वाढवणं थांबवा आणि वजन लावायला घ्या, ३ ते ५ रेप्सचे सेट, मधे ३ ते ५ मिनिटं पूर्ण विश्रांती. हे बदलायला लोकांना जड जातं कारण घाम कमी येतो आणि काही केल्यासारखंच वाटत नाही, पण जोर वाढतो तो असाच.

६. आठवड्याचं गणित कसं बसवू? एक नमुना द्या ना.

आठवड्यातून दोन जड दिवस, मधे किमान ४८ तास, ७२ मिळाले तर अजून छान, आणि वाटलं तर एक हलका दिवस.

पहिला जड दिवस दोन हातांचा. दहा मिनिटं वॉर्म-अप, मग वेटेड चिन-अप ३ रेप्सचे ४-५ सेट, त्यात शेवटच्या सेटला पण एखादी रेप हातात शिल्लक राहिली पाहिजे. त्यानंतर लॉक-ऑफ, म्हणजे दोन हातांनी वर जायचं, एक हात सोडायचा आणि दुसऱ्यावर ५ ते ८ सेकंद थांबायचं, प्रत्येक हाताचे दोनच.

दुसरा जड दिवस एका हाताचा. मदत घेऊन एका हाताच्या चिन-अप्स, प्रत्येक हाताला ३ रेप्सचे ४ सेट, आणि दोन हातांच्या मधेही दीड-दोन मिनिटं थांबा कारण धड आणि श्वास दोन्हीकडे तोच असतो.

हलक्या दिवशी रो (म्हणजे वजन किंवा स्वतःचं अंग आडव्या रेषेत ओढणं), एका हाताने लटकणं आणि खांद्याच्या पात्याच्या पुल-अप्स (प्रश्न ११). ढकलण्याचे व्यायाम, म्हणजे डिप्स, पुश-अप्स, ओव्हरहेड प्रेस, हे सोडायचे नाहीत, नुसतं ओढत राहिलं की खांदे पुढे यायला लागतात. आणि दर चौथ्या आठवड्यात सेट निम्मे करा, बरं वाटत असलं तरी करा.

७. मदत कशाची घेऊ? बँड, टॉवेल, पुली, की दुसऱ्या हाताची बोटं?

या सगळ्या पानावर एकच उत्तर नीट वाचायचं असेल तर हे वाचा, कारण प्रगती अडते ती बहुतेक वेळा इथेच. मदत किती घेतली हे किलोमध्ये माहीत नसेल तर ती कमी होतेय की नाही हेच कळत नाही, आणि मग माणूस सहा महिने त्याच जागी असतो.

पुली सगळ्यात चांगली. बारच्या शेजारी पुली टांगायची, दोरीच्या एका टोकाला प्लेट, दुसरं टोक मोकळ्या हातात किंवा कमरेच्या पट्ट्याला. वजन ७० आणि प्लेट १५ म्हणजे तुम्ही साधारण ५५ ओढताय. साधारण अशासाठी म्हटलं की पुलीत घर्षण असतं, त्यामुळे वर जाताना मदत प्लेटपेक्षा थोडी कमी मिळते आणि खाली येताना थोडी जास्त. पुली तीच ठेवा म्हणजे आकड्यांची तुलना खरी राहते. तीन रेप्स स्वच्छ आल्या की सव्वा ते अडीच किलो कमी करा, एकदम पाच नको.

बँड सोयीचा आहे पण त्याची एक खोड आहे. तो खाली जास्त ताणलेला असतो म्हणजे खाली मदत भरपूर आणि वर जवळजवळ नाही. जिथे बहुतेकांना ताकद कमी पडते तो खालचाच भाग बँड फुकटात पार करून देतो. फक्त बँडवर महिनोन् महिने काढलेले लोक वरच्या अर्ध्यात राजे असतात आणि लटकलेल्या अवस्थेतून एक इंच निघत नाहीत. बँड वापरायचाच असेल तर बरोबर खालच्या भागाचं वेगळं काम करा.

टॉवेल बारवरून टाकायचा आणि मोकळ्या हाताने तो धरायचा, जितका खाली धराल तितकी मदत कमी. टॉवेलवर मार्करने खुणा करून ठेवा, हीच त्याची मोजपट्टी. मनगट किंवा दंड धरणं हा सगळ्यात कमी मोजता येणारा प्रकार, कारण थकलात की तो हात न सांगता जास्त ओढायला लागतो. त्यापेक्षा बारवर मोकळ्या हाताची दोन बोटं, मग एक बोट, असं केलं तर निदान काय चाललंय ते दिसतं.

८. आर्चर आणि टाइपरायटर पुल-अप्सने होईल का?

आर्चर म्हणजे एक हात बाजूला सरळ पसरून दुसऱ्याने वर जाणं, टाइपरायटर म्हणजे वर गेल्यावर बारशी एका बाजूकडून दुसरीकडे सरकणं. सुरुवातीला उपयोग आहे, खांदे आणि कोपरं एकतर्फी भाराला सरावतात. पण बाजूला पसरलेला हात किती ढकलतोय ते मोजता येत नाही आणि ओढायची रेषाही वेगळी असते. प्रत्येक बाजूला ५-६ स्वच्छ आल्या की मुख्य व्यायाम म्हणून सोडा, हलक्या दिवशी ठेवलंत तरी हरकत नाही.

९. निगेटिव्हने लवकर येते म्हणतात, कधी सुरू करू?

निगेटिव्ह म्हणजे वरून सुरू करून एका हाताने फक्त सावकाश खाली उतरणं. त्याने लवकर येते, आणि कोपरं पण त्यानेच जातात. उतरताना स्नायू चढण्यापेक्षा बराच जास्त भार झेलू शकतो, म्हणजे जे वजन तुम्ही वर नेऊ शकत नाही ते खाली सोडता मात्र येतं, आणि तो सगळा ताण टेंडनवर बसतो. त्यातून मध्यावर ताकद संपली आणि धडकन खाली आलात की सरळ कोपराला जो हिसका बसतो तो सगळ्यात वाईट.

म्हणून अट अशी की वरपासून पूर्ण खालपर्यंत ५-६ सेकंद सारख्या वेगाने उतरता आलं पाहिजे. नाही जमत? मग पुलीची थोडी मदत घेऊन उतरा, त्यात कमीपणा काही नाही. आठवड्यातून एकदाच, प्रत्येक हाताच्या दोन किंवा तीन, तीन-चार आठवडे, मग तेवढेच आठवडे बंद. रोज निगेटिव्ह मारा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

१०. एका हाताने लटकलं की मी गोल फिरतो, कसं थांबवू?

थोडं फिरणं नैसर्गिक आहे, ते पूर्ण थांबवायचं नसतं, ताब्यात आणायचं असतं. आधी अंगठा बारभोवती घट्ट आवळा, अंगठा मोकळा ठेवून लटकलात तर बार हातात लोळतो आणि मग धड फिरतंच. आता लटका, आणि कोपर न वाकवता खांदा कानापासून खाली ओढा, शरीर दोन-तीन बोटं वर येतं आणि काखेच्या मागे लॅट, म्हणजे पाठीचा रुंद स्नायू, कडक झालेला जाणवतो. तो कडक झाला की फिरणं अर्धं तिथेच कमी होतं. मग पाय एकमेकांत अडकवा, गुडघे किंचित पुढे, पोट आवळा आणि मोकळा हात छातीशी किंवा पोटाशी घट्ट ठेवा, बाजूला लोंबकळत सोडू नका. चिन-अप करताना छाती काम करणाऱ्या हाताकडे वळू द्या आणि कोपर बरगडीकडे आणा, बाहेर उडू देऊ नका.

११. अमुक एका ठिकाणी अडकतो, पुढे जातच नाही. काय करू?

कुठे अडकता ते आधी मोबाईलवर बाजूने शूट करून बघा, कारण वाटतं एक आणि असतं भलतंच.

अगदी खाली अडकत असाल तर खांद्याच्या पात्याच्या पुल-अप्स एका हाताने करा, म्हणजे प्रश्न १० मधलं ते खांदा खाली ओढणं, ५-६ रेप्स, वर दोन सेकंद थांबून. बरोबर मदत घेऊन फक्त खालच्या एक तृतीयांश भागाच्या रेप्स.

मध्यावर, कोपर काटकोनात आला की अडकत असाल तर तिथेच लॉक-ऑफ धरा. गिर्यारोहक करतात तो प्रकार इथे फार उपयोगी आहे, दोन हातांनी वर जायचं, वर पाच सेकंद, खाली येऊन परत वर, मग काटकोनात पाच सेकंद, परत एक रेप, मग १२० अंशावर पाच सेकंद, आणि हे सगळं न उतरता. वजन लावून केलंत तर दोन-तीन फेऱ्यांत काम होतं.

वर, हनुवटी चार बोटं राहते अशी तक्रार असेल तर दोन हातांच्या पुल-अप्स छातीपर्यंत न्यायला लागा.

१२. कोपराच्या आतल्या बाजूला दुखतं, थांबू का चालू ठेवू?

कोपराच्या आतल्या बाजूला जे टोकदार हाड लागतं तिथे दाबल्यावर दुखत असेल आणि मूठ आवळताना, बाटलीचं झाकण उघडताना कळ येत असेल तर बहुतेक तो गोल्फर्स एल्बो, म्हणजे मनगट आणि बोटं वाकवणाऱ्या स्नायूंची शीर कुरकुरतेय. कोपराच्या पुढच्या घडीत खोलवर दुखत असेल तर ब्रेकिॲलिस (बायसेप्सच्या खालचा, कोपर वाकवणारा स्नायू) नाहीतर बायसेप्सची शीर.

दोन्हीत पहिलं काम तेच, निगेटिव्ह आणि सरळ बारवरच्या एका हाताच्या चिन-अप्स लगेच बंद. पण पूर्ण आराम हा उपाय नाही, दोन महिने झोपून काढलेत तर दुखणं थांबतं आणि पहिल्याच आठवड्यात परत येतं कारण शीर होती तशीच अशक्त राहते. तिला हळूहळू भार द्यावा लागतो. हलका डंबेल घ्या, हात मांडीवर, तळवा वर, मनगट तीन-चार सेकंद घेऊन खाली सोडा आणि तसंच सावकाश वर आणा, १२-१५ रेप्सचे तीन सेट, एक दिवसाआड. फार दुखत असेल तर हालचाल न करता वजन ३०-४५ सेकंद नुसतं धरा. मनगट उलट्या बाजूने उचलण्याचा व्यायामही करा. ओढायचं काम रिंगवर, दोन हातांनी, हलकं चालू ठेवा.

किती दुखलं तर चालेल? दहापैकी दोन-तीन एवढं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या दिवसापेक्षा वाढलेलं नसावं. वाढलं तर भार कमी करा. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर नसेचा मामला आहे, फिजिओथेरपिस्टला दाखवा. आणि ओढताना अचानक ‘फट्’ असा आवाज येऊन दंड काळानिळा पडला किंवा बायसेप्सचा आकारच बदलला तर त्याच दिवशी डॉक्टर, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

१३. उजव्याने जवळजवळ येते, डावा फार मागे आहे.

सगळ्यांचंच असतं. प्रत्येक सेट डाव्याने सुरू करा आणि उजव्याने तेवढ्याच रेप्स मारा, जास्त नको. डाव्याला पुलीची मदत जास्त लागली तर लागू द्या. डाव्याचे जादा सेट मात्र एकाच्या वर नको.

१४. वजन कमी केलं तर लवकर येईल का?

अंगावर खरंच चरबी असेल तर हो, पाच किलो कमी झाले म्हणजे पुलीवर पाच किलोची प्लेट जादा लावल्यासारखंच आहे. पण आधीच सडपातळ असाल आणि उपाशी राहून उतरवलंत तर जोर पण जातो आणि शीर भरून यायला जे लागतं तेही मिळत नाही. जड सरावाच्या महिन्यांत पोटभर खा.

१५. मी उंच आहे, हात लांब आहेत. आणि मुलींना जमतं का?

दोन्हींना जमतं. लांब हाताला जास्त अंतर ओढावं लागतं आणि उंच माणूस सहसा जड असतो, त्यामुळे वेळ जास्त लागतो एवढंच. अमेरिकन बोल्डरर (दोराशिवाय कमी उंचीच्या खडकांवर चढणारे) जॉन गिल सहा फुटांहून उंच, आणि एका हाताच्या पुल-अप्स आणि एका हाताच्या फ्रंट लिव्हरसाठी (बारला लटकून अख्खं शरीर जमिनीला समांतर धरणं) ते १९६० च्या दशकात ओळखले जायचे. मुलींच्या बाबतीत वरच्या धडात स्नायूंचं प्रमाण सरासरीने कमी असतं म्हणून पाया बांधायला जास्त काळ द्यावा लागतो, पण पद्धत तीच. सर्कस कलाकार लिलियन लाइटझेल यांनी १९१८ मध्ये फिलाडेल्फियात उजव्या हाताने २७ मारल्या असं सांगतात. त्या झोक्याने मारल्या असं मानलं तरी एका खांद्यावर आणि एका कोपरावर एवढा भार घेणं ही साधी गोष्ट नाही.

१६. मग किती दिवसांत येईल?

प्रश्न ३ मधल्या अटी पूर्ण असतील तर साधारण एक ते दोन वर्षं, काहींना कमी, काहींना जास्त. मधे एखादा महिना कोपरासाठी जाईल हे धरूनच चला. महिन्याला पुलीवरून एक-दोन किलो कमी होत असतील तर तुमचं उत्तम चाललंय. दर आठवड्याला पूर्ण एका हाताची मारून बघू नका, दीड-दोन महिन्यांतून एकदा, ताज्या अंगाने, तीन प्रयत्न पुरे.

१७. माझं वय १४ आहे, करू का?

पुल-अप्स, रो, लटकणं, दोरी चढणं सगळं करा, भरपूर करा. कमाल वजन लावणं आणि एका हाताच्या निगेटिव्ह मात्र आत्ता नको, हाडांची वाढीची टोकं अजून कच्ची असतात. रेप्स स्वच्छ करण्यावर भर द्या आणि जाणकार माणसाच्या नजरेखाली करा.

१८. एक आली! आता दोन-तीन कशा करू?

आधी तीच एक पक्की करा, वेगवेगळ्या दिवशी, दोन्ही हातांनी, बारवर आणि रिंगवर. पहिले काही आठवडे आठवड्यातून दोनदा, प्रत्येक हाताने ४-५ एकेकट्या रेप्स, मधे तीन-चार मिनिटं. त्या सगळ्या सारख्या दिसायला लागल्या की परत पुलीवर या, ५ किलो मदतीने ३ रेप्सचे सेट, आणि मदत कमी करत शून्यावर आणा. वेटेड चिन-अप्स आठवड्यातून एक दिवस चालूच ठेवा. तळवा पुढे ठेवून, म्हणजे खऱ्या अर्थाने पुल-अप, आता शिकायला घ्या, ती परत थोड्या मदतीपासून सुरू करावी लागेल आणि ग्रिप जास्त थकेल, पण चिन-अपला लागला तेवढा वेळ बहुतेकांना तिला लागत नाही.